पुरस्काराची तपासणी: भिंती रंगवल्या, दप्तराचं काय?

वेशीवरचा दिवा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाव लहान आहे, मतदार १,२४०. मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानात (ग्रामपंचायतींच्या राज्याच्या पुरस्कार स्पर्धेत) श्रमदान, झाडं, स्वच्छता यांत गुण बरे पडले, पण 'सुशासनयुक्त पंचायत' आणि 'सक्षम पंचायत' या दोन भागांत सपाटून मार बसला. तालुका समितीने दप्तर चाळून चार शेरे मारले: ग्रामसभेची उपस्थिती शंकास्पद, करवसुलीचे आकडे जुळत नाहीत, (महिला, मागासवर्गीय, दिव्यांगांसाठीच्या) राखीव टक्क्यांचा खर्च अपुरा, लेखापरीक्षणाच्या आक्षेपांची पूर्तता नाही.

पुढच्या फेरीआधी हे सुधारायचं आहे. रंगरंगोटी, प्रवेशद्वार, सेल्फी पॉइंट असले सल्ले नकोत, ते भरपूर मिळालेत. दप्तर नेमकं कुठून हाती घ्यायचं आणि समिती कशाला कशाशी ताडून बघते, एवढं सांगा.

कोरम शंभर

ग्रामसभेपासून सुरुवात करा, कारण बाकीच्या तीन शेऱ्यांची मुळंही तिथेच निघतील.

उपस्थिती शंकास्पद हा शेरा येतो तो वहीत एकाच पेनाने, एकाच वळणाच्या सह्या दिसल्यावर. विस्तार अधिकाऱ्यांचं आयुष्य असल्या वह्या बघण्यात जातं, त्यांना पाच मिनिटं पुरतात. दुसरा पुरावा तुम्हीच देता: फोटोत चाळीस डोकी आणि वहीत १०४ सह्या.

गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी असेल तो. तुमच्या मतदारांचे १५ टक्के होतात १८६, म्हणून तुम्हाला १०० लागतात. (१५ टक्क्यांचा फायदा फक्त ६६६ पर्यंत मतदार असलेल्या गावांना.) समजा ६२ जण आले. तर सभा तहकूब करा, ६२ हाच आकडा इतिवृत्तात लिहा आणि पुढची तारीख जाहीर करा. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, फक्त विषयपत्रिका तीच ठेवायची, नवा विषय घुसडायचा नाही. कायद्यानेच ही सोय दिलेली असताना लोक उरलेल्या ३८ सह्या दुसऱ्या दिवशी घरोघर फिरून गोळा करतात. गैरहजर माणसाची सही वहीत सापडली की त्या सभेचा प्रत्येक ठराव संशयात जातो, आणि गावात विरोधी गट असेल तर तक्रार थेट जिल्हा परिषदेत.

आर्थिक वर्षात किमान ४ सभा हव्यातच. सबळ कारण नसताना त्या घेतल्या नाहीत तर सरपंचपद धोक्यात येतं, हे अनेकांना अर्ज दाखल झाल्यावर कळतं. रूढ तारखा १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी. झेंडावंदनाच्या दिवशी माणसं जमतात खरी, पण लाडू-पेढे वाटून झाले की पांगतात. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या सभांना विषय चार-पाचच ठेवा, गावाच्या विकास आराखड्यासारखा लांबलचक विषय २ ऑक्टोबरच्या सभेला घ्या.

नोटीस ७ दिवस आधी. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं म्हणजे नोटीस दिली असं होत नाही. फलकावर लावलेल्या नोटिशीचा तारखेसह फोटो आणि दवंडी दिल्याची सही, दोन्ही त्या सभेच्या फाइलला जोडा.

महिला सभा प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. तीही बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये, अर्धा तास आधी 'झालेली' असते. निदान दोन-तीन दिवस आधी घ्या, वेळ बायकांना विचारून ठरवा (दुपारी तीन-साडेतीन बहुतेक जमते), आणि तिथे झालेला ठराव ग्रामसभेच्या इतिवृत्तात पहिला विषय म्हणून येऊ द्या. समिती ही साखळी शोधते. महिला सभेत पाण्याची वेळ बदलायची मागणी झाली आणि ग्रामसभेच्या कागदावर तिचा उल्लेखच नाही, तर महिला सभा कागदावर झाली हे उघडच आहे.

इतिवृत्तात 'चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर' हे वाक्य वीस वेळा असेल तर वाचणारा तिथेच थांबतो. कोणी काय विचारलं, विरोध कोणाचा होता, सूचक-अनुमोदक कोण, रक्कम किती हे लिहा. पानांना आधीच क्रमांक घाला आणि दोन ठरावांच्या मध्ये कोरी जागा सोडू नका. त्या जागेत पुढे काय काय उगवतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

नमुना नऊ

वसुलीबद्दल. 'आकडे जुळत नाहीत' म्हणजे चार जागांचा मेळ बसत नाही: नमुना ९ ची मागणी (कुणाकडून किती कर येणं आहे ती नोंदवही), नमुना १० ची पावतीपुस्तकं, नमुना ५ ची रोकडवही आणि बँकेचं पासबुक. समिती पावतीपुस्तकातला कुठलाही एक आठवडा उचलते, त्याची बेरीज करते आणि ती रोकडवहीत व बँकेत शोधते. बस्स, एवढीच परीक्षा.

नापास होण्याचं कारण बहुतेक वेळा चोरी नसून सवय असते. शिपायाने ११,४०० रुपये वसूल केले, त्याच दिवशी मोटार जळाली, ७,००० परस्पर रिवाइंडिंगवाल्याला दिले आणि उरलेले ४,४०० बँकेत भरले. खर्च खरा, बिलही आहे, तरी आक्षेप लागणारच. आलेली वसुली पूर्ण बँकेत जायला हवी आणि खर्च बँकेतून निघायला हवा. हे एक पथ्य पाळलं तर निम्मे आक्षेप पुढच्या वर्षी लागतच नाहीत.

टक्केवारी काढतानाही गफलत होते. उदाहरणासाठी मागील थकबाकी ३,१०,०००, चालू मागणी ४,२०,००० धरू. एकूण मागणी ७,३०,०००, वसूल ४,३८,०००. म्हणजे वसुली ६० टक्के. याच ४,३८,००० ला फक्त चालू मागणीने भागून १०४ टक्के लिहिणारे महाभाग आहेत. चालू आणि थकबाकी वेगवेगळी दाखवा. ६० टक्के खरे असतील तर त्याचे मिळतील तेवढे गुण घ्या. १०४ पकडले गेले की स्वयंमूल्यमापनाच्या बाकी रकान्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

थकबाकीमागे धावण्याआधी नमुना ८, म्हणजे घरांच्या कर आकारणीची वही, उघडा. फेरआकारणी दर ४ वर्षांनी करायची असते आणि २०१५ च्या अखेरच्या नियमदुरुस्तीपासून आकारणी भांडवली मूल्यावर आहे. तरी कितीतरी वह्यांत आरसीसीचा दुमजली बंगला अजून 'कौलारू, मातीच्या भिंती' म्हणून नांदतोय. वस्तीवरची घरं, पोल्ट्री शेड, मोबाइल टॉवर, मंगल कार्यालय यांची नोंद आहे का ते बघा. फेरआकारणी नीट झाली तर मागणी वाढते आणि ती रास्त माणसांवर वाढते. मात्र हरकतींसाठी यादी प्रसिद्ध करण्याची पायरी गाळू नका, नाहीतर सगळी आकारणी अपिलात अडकते.

वसुलीचा क्रम बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्तीचं अधिपत्र असा आहे (महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, कलम १२९). यात कच्चा दुवा म्हणजे बिल बजावल्याची पोच. ती नसेल तर पुढची प्रत्येक पायरी लटपटते. सुरुवात सदस्यांच्या घरापासून करा: बिल मिळाल्यापासून ३ महिन्यांत कर न भरणारा सदस्य कलम १४ खाली अपात्र ठरू शकतो. पहिल्याच आठवड्यात सगळ्या सदस्यांच्या पावत्या फलकावर लागल्या की गावात वेगळं काही सांगावं लागत नाही. सप्टेंबरअखेर भरणाऱ्याला ५ टक्के सूट असते, तीही दवंडीत सांगा. हट्टी थकबाकीदार राष्ट्रीय लोकअदालतीत दाखलपूर्व (दावा लावण्याआधीचं) प्रकरण म्हणून न्या. तिथली नोटीस आली की बरेच जण तारखेआधीच कार्यालयात येऊन भरतात.

आणि एक करू नका: कर थकला म्हणून जन्म-मृत्यूचे दाखले अडवणं. गावोगाव सर्रास चालतं, पण लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली या अधिसूचित सेवा आहेत, मुदतीत द्याव्याच लागतात. कर थकलेला असताना नाकारता येईल असा दाखला एकच, थकबाकी नसल्याचा.

बांधावरून

एवढं सगळं पुरस्कारासाठी करताय की गावासाठी, हे आधी ठरवा. राज्यात पहिल्या ग्रामपंचायतीला ५ कोटी, तालुक्यात पहिलीला १५ लाख, आकडे मोठे आहेत, मान्य. पण संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ ला सुरू झालं तेव्हापासूनचा अनुभव सांगतो की समिती येते एका दिवसासाठी आणि गाव राहतं तिथेच. निर्मल ग्रामची कमान उभी आणि कमानीमागे परत लोटा, अशी गावं कमी नव्हती.

ज्यांचं नाव टिकलं त्यांनी दरवर्षी करायची एखादी कंटाळवाणी गोष्ट सोडली नाही. हिवरे बाजारला पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि कुठली पिकं घ्यायची ते त्यावर ठरतं. मेंढा-लेखाला निर्णय सर्वसहमतीने होतात, मग सभा कितीही लांबो. पाटोद्याने कर भरणाऱ्याला वर्षभर दळण मोफत दिलं. त्याची नक्कल पुष्कळांनी केली, पण गिरणीचं वीजबिल आणि वाढणारी वसुली यांचा हिशेब न मांडता केली, म्हणून गिरण्या बंद पडल्या.

हिरवं कार्ड

बांधावरून भाऊंशी अर्धी सहमत. तपासणी एका दिवसाची असली तरी काही कागद वर्षानुवर्षांचे असतात आणि एका रात्रीत तयार होत नाहीत. पाण्याचंच बघा. स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा होतं, पावसाळ्याआधी आणि नंतर, आणि जोखमीनुसार लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. सलग ५ वर्षं हिरवं आणि साथ नाही, तर चंदेरी. हा आपल्याकडचा जुना आणि माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिक पुरस्कार आहे. त्याला ना समारंभ, ना फेटे.

कार्ड पिवळं होण्याची कारणं फुटकळ असतात: व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचलेलं पाणी, टाकीचं झाकण गायब, नळकोंडाळ्याभोवती चिखल. आणि टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम हे प्रमाण चांगल्या पावडरीचं आहे. पोतं उघडं राहिलं की क्लोरीन उडतो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये. जलसुरक्षकाने रोज शेवटच्या नळाला ओटी चाचणी (पाण्यात उरलेला क्लोरीन बघायची) करून वहीत लिहायचं. टाकीखालच्या नळाला पिवळा रंग येणारच, त्यात काय विशेष? शेवटच्या घरी ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन मिळतो का, ते बघायचं.

'सक्षम पंचायत'चा मोठा भाग पाणीपट्टीत बुडतो. समजा २६० नळजोडण्या. वीज महिना १८,०००, पाणी सोडणाऱ्याचं मानधन ८,०००, टीसीएल व दुरुस्ती ५,०००. महिन्याला ३१,००० म्हणजे वर्षाला ३,७२,०००. भागिले २६०, प्रत्येक नळामागे १,४३१ रुपये. वसुली ८० टक्केच होणार असेल तर दर १,७८९ लागतो. गावात पाणीपट्टी ९०० असेल तर योजना तोट्यात आहे आणि तोटा घरपट्टीतून भरला जातोय, म्हणजे स्वतःचा नळ नसलेलेही तो भरतायत. हा हिशेब फळ्यावर लिहून ग्रामसभेपुढे ठेवा. दर वाढवा असं म्हणण्याआधी खर्च दाखवला तर भांडण निम्म्याने कमी होतं.

नऊ संकल्पना

राज्याच्या अभियानात अडकून केंद्राची बाजू विसरू नका. राष्ट्रीय पंचायत पुरस्कार आता शाश्वत विकासाच्या ९ संकल्पनांवर दिले जातात (गरिबीमुक्त, आरोग्यदायी, बालस्नेही, जलसमृद्ध आणि पुढच्या), आणि 'सुशासनयुक्त गाव' ही त्यांतलीच एक. पंचायत प्रगती निर्देशांकही त्याच चौकटीत आहे. २०२२-२३ च्या पहिल्या निर्देशांकात देशातल्या २,१६,२८५ पंचायतींपैकी सर्वोच्च 'अचीव्हर' श्रेणीत एकही नव्हती, तिच्या खालच्या 'फ्रंट रनर'मध्ये ६९९, त्यांत एकट्या गुजरातच्या ३४६ आणि तेलंगणाच्या २७०. महाराष्ट्राच्या १२,२४२ पंचायती त्याहून खालच्या 'परफॉर्मर' श्रेणीत. म्हणजे आपल्याकडे मधली फळी दांडगी आहे, वर चढणारे कमी.

चढता न येण्याचं कारण प्रत्येक वेळी काम नसतं, भरलेली माहिती असते. निर्देशकांची आकडेवारी आरोग्य, शिक्षण, अंगणवाडी अशा वेगवेगळ्या खात्यांकडून येते आणि ग्रामपंचायत ती न वाचता पुढे ढकलते. गट ग्रामपंचायत (अनेक गाव-वाड्यांची मिळून एक) असेल तर एका वाडीची अंगणवाडी मोजलीच जात नाही. प्रश्न आपल्याला लागूच नसतो तिथे 'लागू नाही' ऐवजी शून्य भरलं जातं. लसीकरणाचा आकडा आशाताईंच्या वहीत वेगळा आणि पोर्टलवर वेगळा. भरण्याआधी आशा, अंगणवाडी सेविका, मुख्याध्यापक, रोजगार सेवक, उमेदच्या (बचत गटांच्या) ताई यांना एका टेबलाशी बसवा, दोन तासांत निम्म्या चुका निघतात. ती आकडेवारी ग्रामसभेत वाचून मग पुढे पाठवा.

आराखड्याचंही तेच. ई-ग्रामस्वराज पोर्टलवरच्या आराखड्यात नसलेल्या कामाचे पैसे निघत नाहीत, मग मार्चमध्ये पुरवणी आराखड्याची धावपळ. आणि १५ व्या वित्त आयोगाच्या निधीत (२०२१-२६) ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच (निम्मा स्वच्छतेला, निम्मा पिण्याच्या पाण्याला), आणि ४० टक्के अबंधित होता. बंधितमधून काँक्रीट रस्ता किंवा सभामंडप दाखवला की तो आक्षेप वर्षानुवर्षं मिटत नाही.

वेशीवरचा दिवा

सगळ्यांचे आभार. कोरम शंभर सर, वहीत अंगठे बरेच आहेत, त्यावरही बोट ठेवलं गेलं. त्याचं काय करायचं? आणि राखीव टक्क्यांचा हिशेब कुणी समजावेल का? शेऱ्यात फक्त 'अपुरा' लिहिलंय. आक्षेप १७ आहेत, काही २०११ चे. तेव्हाचे ग्रामसेवक निवृत्त झालेत.

कोरम शंभर

अंगठा चालतो, पण ओळखीशिवायचा अंगठा चालत नाही. प्रत्येक अंगठ्यापुढे पूर्ण नाव, मतदार यादीतला अनुक्रमांक आणि 'निशाणी समक्ष' म्हणून सही करू शकणाऱ्या माणसाची सही. वहीचे रकाने आधीच असे आखून घ्या. नाव लिहायला दारात एक माणूस बसवा, सभा संपल्यावर वही फिरवू नका.

लेखाशीर्ष

राखीव टक्के: स्वउत्पन्नातून १० टक्के महिला व बालकल्याण, १५ टक्के मागासवर्गीय, ५ टक्के दिव्यांग. स्वउत्पन्न ६,००,००० असेल तर अनुक्रमे ६०,०००, ९०,००० आणि ३०,०००. 'अपुरा' लिहिण्यामागे तीनपैकी एक कारण असतं. एक, अंदाजपत्रकातल्या उत्पन्नावर टक्के काढले आणि प्रत्यक्ष जमा जास्त झाली. दोन, मागच्या वर्षीचा अखर्चित भाग पुढे ओढलाच नाही. तीन, खर्च झाला पण तो त्या शीर्षात बसत नाही: सगळ्या गावाचा पथदिवा मागासवर्गीय वस्तीच्या नावावर टाकला की तपासणारा वस्तीत जाऊन खांब मोजतो. दिव्यांगांची यादी दरवर्षी नवी करा, लाभ बँक खात्यात द्या. आणि हे मार्चच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. तेव्हाची खरेदी ताटं-वाट्यांवर जाते आणि दरपत्रकं तिन्ही एकाच हाताने लिहिलेली निघतात.

आता १७ आक्षेप. सगळे सारखे समजू नका. तीन गठ्ठे करा. पहिला, कागद मिळाला की मिटणारे: प्रमाणक (खर्चाचं व्हाउचर) नाही, दरपत्रक नाही, मोजमाप पुस्तिका दिसली नाही. यांतले बरेच कागद पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात किंवा बिल देणाऱ्या दुकानदाराकडे दुय्यम प्रतीत सापडतात. दुसरा, पद्धतीचे: रोकड जास्त हाती ठेवली, साठा नोंदवही अपुरी. यांना 'यापुढे दक्षता घेतली जाईल' एवढं लिहून भागत नाही, चालू वर्षाची दुरुस्त झालेली पानं जोडा. तिसरा, वसुलीपात्र रकमेचे. यात जबाबदार व्यक्ती निवृत्त झाली तरी आक्षेप आपोआप मिटत नाही. जबाबदारी निश्चितीसाठी गटविकास अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि त्याची पोच अनुपालनात (आक्षेपांच्या उत्तरांत) लावा. म्हणजे पंचायतीने आपल्या हातातलं केलं एवढं तरी कागदावर येतं.

अनुपालन आधी मासिक सभेत ठरावाने मंजूर करून घ्या, मग पंचायत समितीमार्फत स्थानिक निधी लेखापरीक्षा कार्यालयाकडे पाठवा. १ मेच्या सभेत वार्षिक हिशेब, प्रशासन अहवाल आणि मागची लेखापरीक्षण टिप्पणी उत्तरांसह ठेवणं कलम ८ प्रमाणे लागतंच, नेमका हाच विषय पत्रिकेतून गाळतात. १७ पैकी ९ जरी तोवर सुटले तरी '९ निकाली, ५ प्रलंबित, ३ जबाबदारी निश्चितीसाठी सादर' असं एका पानावर ठेवा. ते पान आणि जावक क्रमांक असलेली पत्रं फाइलच्या वरच लावा, समितीला शोधायला लावू नका.